धावड्याला निघालेली गाडी

८ फेब्रुवारी १९९८, रविवार. सकाळी ७.
उषाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे आणि तिला आणायला मी स्वतः जाणार, स्वतःच्या गाडीने. पुढच्या रविवारी पहाटे शहागड सोडायचं, दुपारचं जेवण धावड्याला, संध्याकाळी पोर घरी. प्लॅन फायनल.

बायको गोजरबाई म्हणाली, मी सकाळच्या येष्टीनं जाते न् घेऊन येते, कशाला ते लफडं. सोसायटीच्या माजी चेअरमनची पोटुशी मुलगी एस्टीत धक्के खाणार? ताट सरकवलं. विषय संपला.

शिवाय व्याह्यांचा हिशेब बाकी आहे. पुंजाराम, पिठाची गिरणी, मुक्काम धावडा. लग्नात वऱ्हाडासमोर माझ्या गाडीचं बॉनेट हुंगून म्हणाले, एरंडेलाचा वास येऊन राह्यला इवाई. जन्मभर पीठ हुंगलेल्या माणसाने मला मोटारीबद्दल शिकवावं! त्यांच्या गिरणीसमोर गाडी लावून पाच मिनिटं हॉर्न वाजवणार आहे.

गाडीत दोष एकच. फॅनबेल्ट. समोरचा रबरी पट्टा. पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर या तिघांना तो एकटा फिरवतो. सध्या चीं चीं करतो. किरकोळ बाब.

९ फेब्रुवारी.
हायवेवरच्या तातेराव मेकॅनिककडे नवा पट्टा टाकला. अंगठ्याने दाबून दाखवला, म्हणे अर्धा इंच दबला पाह्यजे, जास्त ताणू नका. आणि काही लावू नका साहेब, कोरडाच ऱ्हाऊ द्या. मेकॅनिक लोकांना वाटतं आपल्याला काहीच कळत नाही.

माझ्या आजोबांपासून आमच्या घरात बैलगाड्या. चाक कुरकुरलं की वंगण, एवढं साधं शास्त्र आहे. घरी येऊन पट्ट्याला कोंबड्याच्या पिसाने एरंडेल लावलं, आतून आणि बाहेरून. आवाज ताबडतोब बंद. तातेरावाला हे कधी सुचलं नसतं.

१२ फेब्रुवारी.
पुन्हा आवाज. आधीपेक्षा मोठा. समोरचा लाल दिवाही लागतो, म्हणजे चार्जिंग होत नाही. तातेरावाने माल हलका दिला आहे, उघड आहे. पुन्हा एरंडेल. या वेळी सढळ हाताने.

१३ फेब्रुवारी.
तातेरावाशी भांडण. त्याने पट्ट्यावर बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि विचारलं, काही लावलं का. मी नाही म्हणालो. एरंडेल म्हणजे ‘काही’ नव्हे, ते घरचं आहे. त्याने आणखी एक नवा पट्टा टाकला आणि माझ्याकडे बघत राहिला. असल्या नजरा मी चेअरमन असताना पुष्कळ पाहिल्या आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार.
पहाटे निघालो. निघण्यापूर्वी पट्ट्याला तेल पाजलं, गाडीला नारळ फोडला. वडीगोद्रीच्या अलीकडे पट्टा तुटला. इंजिन चुलीवरच्या पातेल्यासारखं उकळू लागलं. रस्त्यावरचा प्रत्येक ट्रकवाला हसत गेला, मी सगळ्यांचे नंबर लिहून घेतले आहेत. ट्रॅक्टरला बांधून घरी आलो. बाजूने सकाळची एस्टी गेली. शेजारच्या सीटवरून गोजरबाई तिच्याकडे बघत होती. हे मी लक्षात ठेवणार आहे.

संध्याकाळी एसटीडीवरून धावड्याला फोन. उषा म्हणाली, आबा, पिशवी भरून ठेवली, उंबऱ्यापाशी ठेवली. मी म्हणालो, पुढचा रविवार. टेक्निकल अडचण होती.

१८ फेब्रुवारी.
डायग्नोसिस झालं. पट्टा ढिला असल्यामुळे घसरतो. तातेरावाचा अर्धा इंच म्हणजे बावळटपणा. अल्टरनेटरमागे पहार घातली, पाय बॉनेटच्या कडेला लावला आणि ताणला. आता अंगठा काय, बैल बसला तरी दबणार नाही. वर तेल.

२२ फेब्रुवारी, रविवार.
अंबडपर्यंत गेलो. ही प्रगती आहे. तिथे अल्टरनेटरमधून हंबरल्यासारखा आवाज. बेअरिंग गेलं. अंबडचा मेकॅनिक म्हणाला, पट्टा कुणी ताणला, बिलकुल गाढवासारखा ताणला. मी तातेरावाचं नाव सांगितलं.

उषाला फोन केला नाही. तिची आई करेल.

१ मार्च.
गोजरबाईची कटकट. उषाच्या बाळंतपणासाठी घाण्यावरून काढून आणलेलं एरंडेल निम्म्यावर आलं म्हणे. बाळाच्या अंगाला, बाळंतिणीच्या पाठीला लागणार, ते कुठं जाऊन राह्यलं. मी म्हणालो, उंदीर. ती म्हणाली, उंदीर बाटलीला बूच लावून जात न्हाईत. या बाईला तर्क करण्याची वाईट सवय आहे.

८ मार्च, रविवार.
सातव्यातला शेवटचा रविवार. परवा आठवा लागतो आणि आठव्यात पोटुशीने वेस ओलांडायची नाही. म्हणून काल गोजरबाईने पुन्हा एस्टीचं काढलं. रडली. मी सांगितलं की माझ्या शब्दाला घरात किंमत नसेल तर तसं सांग. ती उठली. चुलीपुढे जाऊन बसली.

जालन्यापर्यंत पोचलो. (नोंद: अर्धं अंतर जवळजवळ पार.) तिथे बॅटरी डाऊन. वाटेत पट्टा घसरत होता, लाल दिवा चालू होता, पण मी त्यावर रुमाल टाकला होता, कारण तो उगाच मन विचलित करतो.

फोनवर व्याही म्हणाले, इवाई, माझा पिठाचा टेम्पो खाली उभा हाय, पोरीला घेऊन जल्दी निघतो, गादी टाकून बराबर आणून घालतो. पिठाच्या टेम्पोत! मी सांगितलं, तसदी नको, उद्या सकाळी मीच येतो. ते म्हणाले, उद्या याच हां. या ‘याच’वरून त्या माणसाचा स्वभाव कळतो.

९ मार्च.
आलो नाही, म्हणजे गेलो नाही. तातेरावाने गाडीला हात लावायला नकार दिला. म्हणे आधी खरं सांगा, काय लावता. मी त्याला हायवेवर बोलायचं ते सगळं बोललो.

१० मार्च.
आठवा लागला. विचार केला तर हे बरंच झालं. मला संपूर्ण महिना मिळाला, गाडी मुळापासून सुधारता येईल. घाई हे अपयशाचं मूळ आहे.

२३ मार्च.
चौथा पट्टा. तो आतून काळ्या साबणासारखा गुळगुळीत झाला. आजकाल रबरात दम नाही. तेल आता दिवसातून दोनदा.

उषाने आईला फोनवर सांगितलं, आबांना सांग, कसंही या, मी कशातही बसते. गोजरबाईने मला हे दोनदा ऐकवलं. ‘कशातही’ हा शब्द मला लागला. मी काय तिला कशातही बसवणारा बाप आहे?

४ एप्रिल.
गोजरबाईने एरंडेलाची बाटली लपवली. धान्याच्या कणग्या, पेट्या, देवघर, सगळं शोधलं. संसाराला इतकी वर्षं झाली आणि नवऱ्यावर हा विश्वास. निषेध म्हणून दुपारी जेवलो नाही. पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुल्या धुऊन नवा पट्टा टाकून दिला, तातेरावाने नव्हे, अंबडच्या मेकॅनिकने. जालन्याहून दुसरी बाटली आणेपर्यंत गाडी बिचारी कोरडी.

१२ एप्रिल, रविवार.
नववा लागला. आता वेस ओलांडता येते. ट्रायल म्हणून अंतरवाली सराटीला जाऊन आलो. चौकात चहा घेतला. परत. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही! आठ दिवस तेलाचा थेंब नसताना गाडीने एवढी साथ दिली. तेल मिळाल्यावर काय करेल, याचा विचार करा. आणि पुंजाराम म्हणतो, गाडी म्हातारी.

पुढच्या रविवारी निघायचं. उषाला स्वतः फोन केला. ती म्हणाली, खरंच ना आबा. मी म्हणालो, लेखी देऊ का. मग ती हसली. बरेच दिवसांनी हसली.

१८ एप्रिल.
तेल मिळालं. मोठी बाटली. पट्ट्याला तीनदा पाजलं, पुलीलाही. उरलेलं डिकीत. गोजरबाईने लाडवांचा डबा बांधला, नवी कुंची बांधली. तिने मला विचारलं, मंग उद्या नक्की ना. मी उत्तर दिलं नाही. अशा प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे शंकेला मान देणं.

१९ एप्रिल, रविवार. राजूरच्या पुढे, रस्त्याकडेला. दुपारी १२.
पट्ट्याच्या चिंध्या झाल्या. अर्ध्या पंख्याला गुंडाळल्या आहेत. उन्हात उभा आहे. गोजरबाई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली आहे. भोकरदनकडे जाणारी तिसरी एस्टी आत्ता गेली. हात करावा असं मनात आलं. पण गाडी सोडून कसं जायचं. रस्त्यावरच्या दुकानातून धावड्याला फोन लावला. गिरणीत कुणी उचलला नाही. मोक्याच्या वेळी माणसं कामाला येत नाहीत, ती अशी.

त्याच दिवशी. धावडा. सायंकाळी.
तासाभराने गिरणीतून फोन उचलला गेला आणि आणखी तासाभराने व्याही स्वतः टेम्पो घेऊन आले. अंगावर पीठ. उतरले, आधी गोजरबाईपुढे गेले आणि म्हणाले, इहीणबाई, लक्ष्मी आली घरात. पोर सकाळी नऊला बाळंत झाली, नर्सबाई होत्या, दोघी बऱ्या हायेत. गोजरबाई तिथेच रस्त्यावर बसली. मी बॉनेट धरून उभा होतो.

मग त्यांनी दोरखंड काढला आणि माझी गाडी टेम्पोला बांधली. गोजरबाई टेम्पोत बसली. मी माझ्या गाडीत, स्टिअरिंग धरून, पिठाच्या टेम्पोच्या मागे मागे. धावड्यात शिरताना हॉर्न वाजवायचा राहिला. बॅटरी उतरली होती.

गिरणीसमोर व्याह्यांनी पुलीवर बोट फिरवलं. हुंगलं. गरम पाणी आणि सोडा आणला, पुल्या घासून घासून कोरड्या केल्या, वाटेत भोकरदनला घेतलेला नवा पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून बघितला. अर्धा इंच. मग म्हणाले, इवाई, चाळीस वरसं झाली पट्ट्यात. चाकाला तेल लागते, पट्ट्याला न्हाई लागत. पट्ट्यानं धरून ठेवाया पाह्यजे, तो निसटला की समदी गिरणी उभी ऱ्हाते. लग्नातच सांगनार व्हतो, पण तुम्ही फुगून बसल्ते.

डिकीतली बाटली त्यांनी उचलली आणि घरात दिली. बाळाच्या अंगाला होईल म्हणाले.

मी म्हणालो, मला थोडी शंका होतीच.

२० एप्रिल. सकाळी.
उषाला भेटलो. आत जायला वेळ लागला, चपला नीट लावत होतो. नात आईच्या कुशीत, मूठ मिटून. मी सांगितलं, गाडी आता एकदम ओके आहे, सव्वा महिना झाला की मी येतो, दोघींना घेऊन जातो, या वेळी शंभर टक्के.

उषा रागावली नाही. रागावली असती तर मला बोलता आलं असतं. म्हणाली, न्हाई आबा, आम्ही येष्टीनं येऊ. आई हाय सोबत. मग उंबऱ्यापाशी बोट दाखवून म्हणाली, तेवढी पिशवी न्या. दोन महिने झाले तुमची वाट बघून राह्यली बिचारी.

सायंकाळी ७. शहागड.
धावडा ते शहागड, एकटा. पट्टा एकदाही वाजला नाही. लाल दिवा लागला नाही. वडीगोद्रीला मुद्दाम थांबून बॉनेट उघडून पाहिलं, सगळं कोरडं, जिथल्या तिथे.

पिशवी मागच्या सीटवर होती. घरी आल्यावर उतरवून उंबऱ्याच्या आत ठेवली.