शेवटपर्यंत बघणारं एक पोरगं

विष्णुपुरी, नांदेड
३ ऑगस्ट २०२५

ती. विनोददादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन करू नको, दादाचं बोलणं बंद आहे, असं आईनं बजावलं, म्हणून कागद घेतला. लातूरच्या डॉक्टरांनी घशात गाठी सांगितल्यात, बोलायचं न्हाई म्हणालेत, तरी तू रोज संध्याकाळी लाइव्ह जाऊन पोलीस भरतीच्या पोरांना गणित शिकवतोस म्हणे. कशाला रे स्वतःच्या जिवावर उठलास?

माझं विचारशील तर जीव कंटाळलाय. लाइव्हवर संशोधन करणाऱ्यांनी आधी गेम खेळणारे धरले, मग साड्या विकणारे, आता सगळे बघणाऱ्यांच्या एकटेपणामागं लागलेत. बोलणाऱ्याच्या घशाचं कुणाला पडलेलं न्हाई. आमचे सर म्हणतात, तुमचा लाइव्ह शिकवण्यांचा विषय जुना झाला, बदला. पीएचडीच्या चौथ्या वर्षी! ऐकून घेतलं झालं.

वहिनीला जयभीम. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना

औसा
९ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

बाई गं, मलाबी हौस न्हाई. लॉकडाऊनमध्ये चारशे पोरं बघायची. आता सगळी मोठ्या ॲपवर गेली. जाऊ देत. पण एक पोरगं उरलंय. ‘गोदाकाठ’ नावानं येतं, शेवटपर्यंत बसतं. समजलं का विचारलं तर गप्प. लई लाजाळू असंल, क्लास लावायची ऐपत नसंल.

आपले बाबा तुला ठाऊक हायत. एक पोर बसलेलं असलं तरी केरबा गुरुजींनी वर्ग सोडला न्हाई. हे पोरगं पोलिसात लागेपर्यंत मी बंद करणार न्हाई. घसा गेला तर गेला.

आई बरी हाय, माझ्यावर फुगून बसलीय. तू विषय बदलू नकोस. माया असू दे.

तुझा दादा,
विनोद

विष्णुपुरी
१४ ऑगस्ट

ती. दादास,
जयभीम.

‘गोदाकाठ’ मीच आहे.

आपण बघतोय हे कळलं की बोलणारा बदलतो, म्हणून नाव लपवून, एक शब्दही न लिहिता बघायचं, असं आम्हाला शिकवलंय. बघणारा एकच दिसायचा, म्हणजे मीच. मला वाटलं, नंतर बघणाऱ्या पोरांसाठी तू रेकॉर्डिंग करतोयस. तुझा आवाज फाटत गेला आणि मी ते टिपत बसले. थांब म्हणायला मला आईचा निरोप लागला. लाज वाटते रे, दादा.

प्रबंधातलं तुझ्यावरचं प्रकरण मी काढून टाकतेय. आजपासून मी येणार न्हाई. तू बोलू नकोस. रागावलास तरी अंतर देऊ नकोस.

ज्योत्स्ना

औसा
२० ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास,
आशीर्वाद.

काल तुझं पत्र वाचलं, तरीबी मोबाइल लावून बसलो. वाटलं, दुसरं कुणी असंल. कुणीच आलं न्हाई. मग बंद केलं. आईनं लगेच हळद घालून दूध दिलं, तिचा फुगा उतरला.

प्रकरण काढू नकोस, माझी परवानगी हाय. राग आलाय, तो जाईल. रोज येऊन बसायचीस, याचं बरंबी वाटतं. लोभ आहे तसाच हाय, तूबी ठेव.

पण खरं सांगतो, त्या पोराला खाकी ड्रेसात मी मनात कितीदा बघितलं होतं. माझा एक विद्यार्थी लागणार होता गं, तो तू नेलास.

विनोद