खालीच हाय

उदगीर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

मिलिंद लातूरहून बसमध्ये बसलाय. पोरगा घरात आला की काय सांगू?

तो लग्नांचं शूटिंग करतो. काल इरफान मेकॅनिकने त्याच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क काढून नवी बसवली. शेजारच्या शिंद्यांच्या लेकीचं लग्न त्या जुनीतच आहे, नवीत घ्यायचं राहिलंय. मिलिंदने ती टेबलाखाली ठेवली आणि बजावलं, "बाबा, हिला हात लावू नका." मी लावलाच नाही.

दुपारी इरफानचा फोन. "चाचा, पुरानी डिस्क खाली है क्या?" मी वाकून बघितलं. टेबलाखालीच होती. म्हटलं, "हाव, खालीच हाय." तो आला आणि घेऊन गेला. मला वाटलं, दोघांचं बोलणं झालं असेल.

मग राहवेना, म्हणून मीच इरफानला फोन लावला. तर म्हणतो, "साफ कर दी चाचा, दुसऱ्या मशीनला लावली. तुम्हीच तर बोले, खाली है."

तो रिकामी का, असं विचारत होता! जन्म गेला उर्दू ऐकण्यात, आणि नेमकं तेव्हाच मला खाली म्हणजे टेबलाखाली का सुचावं?

शिंद्यांची पोरगी नांदेडला नांदायला गेली. आता लग्न काय परत लावायचं? शिंदेबाई रोज विचारते, "भाऊ, आमची क्यासेट झाली का?" म्हणून आज दार लावूनच बसलोय.

आत्ता मिलिंदचा फोन येऊन गेला. "बाबा, डिस्क खालीच आहे ना?"

तोंडातून निघून गेलं, "हाव, खालीच हाय."

खोटं तर बोललो नाही.