मुकादम रस्त्यात बसला तेव्हा

दि. ९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. भाऊजींचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, मेहुणीच्या कुत्र्यालाही प्लास्टर आहे, पण तो तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतो.

मुकादमाची गादी खिडकीखाली टाकली आहे. सकाळी साडेपाचला मी बूट घालायला बसले की तो मान वर करतो, शेपटी दोनदा जमिनीवर आपटतो आणि बघत राहतो. एरवी हाच पांघरूण ओढून मला पळायला काढायचा, म्हणून तर नाव मुकादम. आता मी एकटीच दार ओढून घेते. आमचे हे म्हणाले, "मुकादम रजेवर, तरी मजूर कामावर. कमाल आहे." मी हसले.

दुकानात ठीक चाललंय. चष्म्याच्या भिंगांची कड घासताना या आठवड्यात दोन भिंगं हातून गेली. मालक म्हणाले, "बाई, आता तुमचाच नंबर काढायला हवा." डोळे चांगले आहेत, ताई. लक्षच ठिकाणावर नव्हतं.

मी पळायला जात नाही. तीन आठवडे झाले. घरातून निघते, पाण्याच्या टाकीमागच्या बाकावर चाळीस मिनिटं बसते आणि नळाखाली तोंड नि मान भिजवून परत येते. घाम वाटावा म्हणून. शाळा चुकवणाऱ्या पोरीसारखं.

मुकादम जिन्यावरून घसरला असं तुला लिहिलं होतं. तो घसरला नव्हता.

दोन महिन्यांपासून तो टाकीजवळच्या चढावर मध्येच थांबायचा आणि रस्त्यातच बसकण मारायचा. मला वाटलं, अंगात आळस भरलाय, वजन वाढलंय. त्याचं संध्याकाळचं खाणं निम्मं केलं. तो रिकामं ताट चाटत बसायचा आणि मी म्हणायचे, "काम नाही तर पगार नाही."

त्या सकाळी तो पुन्हा बसला. हात मोकळे राहावेत म्हणून त्याची दोरी मी कमरेला बांधते. मी ओढलं. तो पाय रोवून, माझ्याकडे तोंड करून भुंकायला लागला. माझ्यावर तो कधी भुंकत नाही. मी चिडून हिसका दिला, दोन पावलं टाकली असतील, आणि छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. भानावर आले तेव्हा मी त्याच्यावर पडले होते आणि त्याचा पाय माझ्याखाली होता. तो ओरडत नव्हता, माझा कान चाटत होता. पेपर टाकणाऱ्या काकांनी त्याला उचलून आमच्या जिन्यापर्यंत आणलं. घरचे झोपेत होते. जिन्याचं निमित्त मला तिथेच सुचलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. म्हणाल्या, "वजन कमीच आहे. हृदय घोड्यासारखं. हा दमून बसणारा कुत्रा नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तो बसायचा तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं?"

"मी ठणठणीत आहे," मी म्हटलं. पण घरी येताना एकेक सकाळ आठवत गेली. दर वेळी माझा घसा आवळलेला असायचा, जबड्यात कळ असायची. मला कळायच्या आधी त्याला कळत होतं, आणि मी त्याला उपाशी ठेवत होते.

आईला जिना चढताना धाप लागायची, आठवतं? तू विचारलंस की म्हणायची, "काही नाही गं, पायऱ्याच उंच आहेत." आपण पायऱ्यांना नावं ठेवत राहिलो. ती गेली तेव्हा सत्तेचाळीसची होती. मला मार्चमध्ये सत्तेचाळीस पूर्ण होतील.

गुरुवारी प्लास्टर निघेल. सगळे विचारतात, पुन्हा पळेल ना? मीही तोंडाने तेच विचारते. पण त्याला पळता येणार नाही ही माझी भीती नाहीच. भीती ही, की तो बरा होईल, माझ्याबरोबर निघेल, आणि चढ येण्याची वाटही न बघता दाराबाहेरच बसेल. त्याने तसं केलं तर मी काय समजायचं?

शुक्रवारी सकाळी दहाला हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. याआधी दोनदा घेऊन दोनदा रद्द केली. आमच्या यांना अजून काही माहीत नाही. पत्र पेटीत टाकून आले की आजच सांगणार आहे. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारची गाडी धरलीस तर संध्याकाळी पोचशील. भाऊजींना काय सांगायचं ते तू ठरव, मला आता कुणाला काही रचून सांगवत नाही.

तू येईपर्यंत जिने सावकाश चढते आहे,

तुझी
धाकटी