हाडं धुवायची वाइन

प्रिय ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

आईला पुरून पाच वर्षं झाली, म्हणून काल रिवाजाप्रमाणे कबर उघडली. हाडं धुवायला मी घरची वाइन नेली होती. ती तशीच परत आणली. आईची माती झालीच नव्हती. पाय अजून मोज्यांत होते.

"कुणीतरी तिला माफ केलेलं नाही," कालित्सामावशी म्हणाली. पाद्रीबाबा एकेकाला "माफ केलंस का?" असं विचारू लागले. माझ्यापाशी आले तशी मावशीच मध्ये पडली. "हिला काय विचारता? हिने जन्मभर सेवा केली. थोरलीला विचारा. अमेरिकेत जाऊन बसलीय, मातीला पण आली नाही."

मी ते तसंच चालू दिलं. गावात आता तुलाच दोष देतात.

आपल्या बेटावर आईचं घर थोरलीला मिळतं आणि धाकटी तिथे राबते, हे तुला काय सांगायचं. पण मानोलिसने मला मागणी घातली होती, हे तुला माहीत नाही. आई त्याला म्हणाली, "ही गेली तर थोरलीचं घर कोण सांभाळेल?" दोन वर्षांनी तूच गेलीस. तुझं घर मी तेहतीस वर्षं झाडतेय.

आईला परत पुरलंय. तीन वर्षांनी पुन्हा उघडतील. आज दार लावून 'माफ केलं' म्हणून पाहिलं. तोंडातून निघेना.

वाइन तोवर जपून ठेव, असं पाद्रीबाबा म्हणाले होते. दुपारी जेवताना मी ती संपवली.

तुझ्याच घरातून,
रिगोपुला