ओळख दाखवायची नाही

२ मार्च, शनिवार
बायकोने परस्पर नावं नोंदवली. तिचं, लेकीचं आणि माझं. दर रविवारी दुपारी पुलापलीकडच्या हॉलमध्ये येईल त्याला मोफत जेवण असतं, तिथे आपण राबायचं. मी सांगितलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, सात महिने वेळच तर आहे. नोकरी मी स्वतःहून सोडली, हे हिला कितीदा सांगायचं?

जाणार नाही. ठरलं.

३ मार्च, रविवार
गेलो. लेकीने तोंड एवढंसं केलं म्हणून.

आत शिरतो तर समोर अ‍ॅप्रन बांधून कोण? माझा चेला! टाइल्सच्या गोदामात बारा वर्षं माझ्या हाताखाली होता. साधं चलन भरता येत नव्हतं, ते मी शिकवलं. आज तिथे माझ्या खुर्चीत बसतो, आणि इथेही हाच प्रमुख. हातात हे एवढं ओगराळं. मला म्हणाला, या सर, बरं झालं आलात. सर म्हणे! आणि बसवलं कुठे, तर बटाटे सोलायला. बायकोला सूपच्या पातेल्यावर नेमलं. लेकीला पहिल्याच दिवशी पुढे, पाणी आणि भात वाढायला. चौदा वर्षांची पोर पुढे आणि बाप मागे, सालांच्या ढिगात.

प्रतिज्ञा : महिन्याभरात ओगराळं माझ्या हाती आणि चेला बटाट्यांवर. गुरूला डिवचतो काय!

१० मार्च, रविवार
तीन तास सोलले. सालं मुद्दाम जाड काढली. होऊ दे चेल्याचं नुकसान. बायकोने कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की नुकसान त्याचं नाही, जेवणाऱ्यांचं होतंय. बायकांना डावपेच कळत नाहीत.

चेल्याने भिंतीवर नियम लावलाय. रांगेत ओळखीचं माणूस दिसलं, तर ओळख दाखवायची नाही. त्याने आधी हाक मारली तरच बोलायचं. का आलात, हे विचारायचं नाही. सगळ्यांना काका नाहीतर मावशी म्हणायचं. नव्या माणसांकडून हे तो पाठ करून घेतो. लेकीला तर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल. वा रे साधुपुरुष.

१३ मार्च, बुधवार, सकाळी ९
सुचलं!

रविवारी पोट बिघडलंय सांगून घरी थांबायचं. मागाहून जाऊन थेट जेवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं. मला ताट घेऊन आलेलं पाहिलं, की चेल्याच्या तोंडून 'सर, तुम्ही?' निघणारच. म्हणजे स्वतःचा नियम स्वतःच मोडणार, तोही भर हॉलमध्ये! मग मी खुर्चीवर चढणार. भाषण लिहून काढलं. तीन पानं. गोदामाचा सगळा हिशेब त्यात चुकता होतो.

दाढी बंद. जुना स्वेटर काढून ठेवला, कोपराला भोक असलेला.

१६ मार्च, शनिवार
आरशासमोर तालीम चालली होती. लेकीने दाराआडून ऐकलं. विचारलं, हे कशासाठी. मी सांगितलं, इंटरव्ह्यू आहे. एवढी खूश झाली, की गळ्यातच पडली. जरा वाईट वाटलं. पण सूड म्हणजे सूड. रडूबाईपणा करून तो घेता येत नाही.

१७ मार्च, रविवार, दुपारी ४
जे घडलं ते नीट लिहितो.

रांगेत उभा राहिलो. चेल्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाला, या काका. दोन बटाटे, एक पाव, एक ओगराळं सूप. पुढच्याला जेवढं, तेवढंच. मी हललोच नाही. खाकरलो. भुवया उडवल्या. तो म्हणाला, काका, पुढे जागा आहे.

बायकोने मला पाहिलं आणि पातेल्यात मान घातली.

टेबलाशी बसलो. आता कोणीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. सगळा हॉल नियम पाळत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने आपला पाव माझ्या ताटात सरकवला. म्हणाला, पहिल्या दिवशी घास उतरत नाही, होते सवय. मी त्याला ठणकावून सांगितलं, की मी जेवायला आलेलो नाही, मी इथला स्वयंसेवक आहे. तो मान डोलावत म्हणाला, हो ना, मीही सुरुवातीचे दोन महिने हेच सांगायचो.

भाषण खिशातच राहिलं. उठणार, तेवढ्यात लेक भाताचं पातेलं घेऊन समोर. नियम मोडला नाही पोरीने. काका, भात वाढू का, म्हणाली.

मी म्हणालो, थोडा.

संध्याकाळी ७
घरी आल्यावर दोघींना बसवून खुलासा केला. ही एक चाल होती, चेल्याला पेचात पकडायची. भाषणाची तीन पानंही दाखवली. बायकोने पानांची घडी घालून परत दिली.

लेक माझा हात धरून बसली होती. म्हणाली, बाबा, तिथे कोणालाच कारण सांगावं लागत नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने मान डोलावली, म्हाताऱ्याला मी सांगत होतो तेव्हा त्याने डोलावली होती तशीच. मग इंटरव्ह्यू कसा झाला, हे तिने विचारलं नाही.

नोकरी मी सोडली नव्हती. काढलं. तेही चेल्याने नाही, वरून कागद आला. तो बिचारा त्या दिवशी माझा डबा आणि छत्री घेऊन गेटपर्यंत आला होता.

उद्या दाढी करायची आहे.