पहूर येथील धर्मशाळेच्या भिंतीतील पिंपळाबाबत

मी, रुपचंद त्र्यंबक वाणी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार पहूर, तालुका जामनेर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. मजवर कोणाचा धाक नाही, भीड नाही; संताप मात्र आहे. क्रोधाने बुद्धी नासते हे शास्त्रवचन मला पाठ आहे. माझी नासलेली नाही, हे पुतण्याच्या वकिलाने ध्यानी घ्यावे.

कलम १. आजोबांनी बांधलेली दगडी धर्मशाळा आगगाडी आल्यापासून ओस आहे. कोणी उतरत नाही म्हणून ती मेली, असे गाव मानते. मी मानत नाही. कादर गवंड्यास घेऊन मी तिची वीतवीत तपासली. प्रत्येक भेगेवर चुन्याची पट्टी ओढून तारीख घातली. भिंत सरकली तर पट्टी तडकते. सात वर्षांत एकच तडकली, उत्तरेची. तेथे पिंपळ रुजला होता.

कलम २. रोप काढू म्हणालो, तर पुतण्या भाईदास हात जोडून म्हणाला, "काका, देव सोताहून उगना शे. त्याले उपटनारा आपन कोन?" त्याने रोपास कुंकू लावले, सूत गुंडाळले, रोज शिडी लावून तांब्याभर पाणी घातले. वर्षभर मी ही भक्ती खरी मानली. मग कळले, भिंत पडताच दगड आपल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात नेण्याचे त्याने गाडीवानांशी ठरवून ठेवले आहे. देवाला पाणी घालून धर्मशाळा पाडणारा नास्तिक माझ्या वाचनात नव्हता!

कलम ३. तेव्हा मी कादरला उपटण्यास सांगितले. तो म्हणाला, "नाना, तुमचा देव मी तोडू? मले पाप लागत नाही, हे तुमाले कोनी सांगलं?" गेल्या सोमवारी कादरने शिडी धरली, मी चढलो आणि रोप मुळासकट काढले. पाप सर्वस्वी माझे. त्यात कोणास वाटा नाही.

कलम ४. धर्मशाळा विधवा सून मंजुळाबाई हिला. दारे बंद, जाळ्या उघड्या ठेवाव्या. वारा कोंडला की तुळया कुजतात. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ कराव्या. भिंतीत काही रुजले तर बोटाएवढे होण्याआधी काढावे. पुढे तेथे शाळा होवो वा दवाखाना. दगड विकू नये.

कलम ५. राहते घर भाईदासला. भक्ती खरी असेल तर त्याने पिंपळ स्वतःच्या माजघराच्या भिंतीत रुजवावा.

कलम ६. कादरला काही देत नाही. घेणाऱ्याची साक्ष चालत नाही, आणि मला साक्ष त्याचीच हवी.

कलम ७. माझ्या पश्चात दहा दिवसांचा पाण्याचा घट पिंपळास टांगू नये. ज्याची मुळे मी खणली, त्याच्यापाशी पाणी मागण्यास मला तोंड नाही. मी तहानलेला जाईन.

साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवून सही केली.
मुक्काम पहूर, ता. ८ माहे फेब्रुवारी सन १९३५
रुपचंद त्र्यंबक वाणी, दस्तुरखुद्द

साक्ष:
१. कादर वल्द नूर महंमद, गवंडी. निशाणी डाव्या अंगठ्याची
२. कौतिक पुना पाटील. सही