जेवणाच्या टेबलावरचा सर्व्हर

४ फेब्रुवारी

सर्व्हरचा बोर्ड कॉम्प्युटरच्या डब्यात मावत नाही! नेहमीच्या कॅबिनेटपेक्षा चांगला चार बोटं लांब आहे. ऑफिसने सर्व्हर भंगारात काढला तेव्हा साहेबांकडून मागून आणला — दोन प्रोसेसर, मेमरी भरपूर — आणि मी हुरळून गेले. मोजून बघायचं डोक्यातच आलं नाही. दिवसभर सर्व्हर सांभाळणारी बाई मी, आणि घरी ही गत.

माझा नवरा बिल्डरांसाठी घरांची चित्रं करतो. अजून न बांधलेल्या घरांची, झाडं-बाल्कन्यांसकट. त्याचं जुनं मशीन एकेका चित्रापाशी मान टाकतं. मी म्हटलं होतं, तुला मी बांधून देते, बघच. तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत होतो.

आता ठरलंय. मशीन पुरं करायचं, त्याच्या टेबलाखाली ठेवायचं आणि ताईकडे निघून जायचं. कबूल केलेलं तेवढं तरी राहायला नको. ताईला फोन केला. "खोली रिकामीच आहे, ये," म्हणाली. का, ते विचारलं नाही. बरं झालं, मला सांगता आलं नसतं.

६ फेब्रुवारी

मोठं कॅबिनेट आणलं. बोर्ड ज्यांच्यावर बसतो ते पितळी पाय, भोकं जुळत नाहीत तिथले काढावे लागतात. एखादा जरी राहिला तरी बोर्डाला खालून टेकतो आणि सगळं जळून जातं. हे काम रडत करू नये. पाय दिसत नाहीत.

स्वयंपाकघरातून त्याला विचारलं, चहा टाकू का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मग मीही टाकला नाही. थोड्या वेळाने स्वारी बाहेर येऊन विचारते, "आज चहा नाही का?"

९ फेब्रुवारी

"काही सांगायचं असलं तर मेसेज करत जा ना."

हे आज मला म्हणाला. मला! मध्ये फक्त एक भिंत आहे. बिल्डरांनाही हेच सांगतो, त्यांचे फोन घेत नाही. म्हणजे बिल्डर आणि बायको एकाच रांगेत. मी ताट झाकून ठेवलं आणि आडवी झाले.

११ फेब्रुवारी

बटण दाबते आहे, पडदा काळा. परत बंद, परत चालू, परत काळा. दोन दिवस हेच! शेवटी ढोलला बोलावलं. ढोल म्हणजे सर्व्हर रूममधला माझा जोडीदार. आवाज असा खर्जातला की दुसरं नाव शोभलंच नसतं.

"बटण दाबल्यावर किती थांबतेस?"

"थांबते की मिनिटभर."

"अगं बाई, हा काय घरचा कॉम्प्युटर आहे? आधी सगळी मेमरी तपासणार, मग तोंड दाखवणार. ऑफिसात बघितलं नाहीस कधी?"

ऑफिसात सर्व्हर वर्षानुवर्षं बंद होत नाही, तो चालू होताना कोण बघतंय? थांबलो. चहा पिऊन झाला आणि पडदा उजळला. मी टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात हा बाहेर आला. ढोलशी गप्पा मारत बसला, हसला, बिल्डरांच्या नकला केल्या. मी मध्ये एक वाक्य टाकलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे बोलायचं विसरलेला नाही. माझ्याशी नको, एवढंच. ढोल गेल्यावर बाथरूमचा नळ सोडला आणि हमसाहमशी रडले.

१३ फेब्रुवारी

पंखे! सर्व्हरचे पंखे किंचाळतात. खालच्या काकू वर आल्या, "घरात गिरणी टाकलीस का गं?" कॅबिनेटला मोठे, संथ पंखे बसवले. प्रोसेसरवरचे छोटे तसेच ठेवावे लागले, त्या मापाचे दुसरे मिळेनात. तर बोर्डाला वाटतं, मोठे पंखे बंदच पडले! इतका सावकाश पंखा त्याने जन्मात बघितलेला नाही. मग घाबरून सगळे पूर्ण वेगाने सोडतो. क्षणभर गप्प, की परत किंचाळी. किती हळू म्हणजे बंद, तो आकडा त्याला नव्याने सांगायचा असतो. कुठे सांगायचा, ते सापडत नाही.

निघून जाणाऱ्या बाईला ही उठाठेव कशाला? पण चित्र करताना त्याला असला गोंगाट चालत नाही. अजून मला त्याच्या शांततेची पडली आहे, याचाच मला राग येतो.

१५ फेब्रुवारी

या बोर्डाला स्पीकर लावायला जागाच नाही! बरोबर आहे, सर्व्हरला गाणी कोण ऐकवणार? बाहेरून जोडायचं छोटं यंत्र मिळतं. समोर उभी राहून विचारलं, आणू का?

"नको. लागत नाही."

लग्नानंतरची कित्येक वर्षं हा माणूस गाणं लावल्याशिवाय रेघ ओढत नव्हता. मी चुकीचे शब्द म्हणायचे आणि तो हसून हसून लोळायचा. तेही आता लागत नाही त्याला. कुणी मेलेलं नाही आणि तरी घरात सुतक आहे.

१७ फेब्रुवारी

आकडा कुठे सांगायचा ते सापडलं. पंखे गप्प. बॅग भरली.

१८ फेब्रुवारी

मशीन त्याच्या टेबलाखाली ठेवलं, बटण दाबलं. वायर काढून नेल्यामुळे बोर्ड माझा आकडा विसरला होता. छोटे पंखे जे किंचाळायला लागले! काकू येऊन बेल दाबत सुटल्या. हा पाठमोरा, पेन्सिलीला टोक काढत बसलेला. मी मागून म्हटलं, "मी ताईकडे चालले. कायमची." हा वळला नाही. पडदा उजळला तसा खाली वाकला, डब्यावर हात ठेवला आणि मग वळून हसला माझ्याकडे बघून.

"किती शांत केलंस गं," म्हणाला.

पंखे किंचाळत होते, बेल अजून वाजत होती. ढोलचा खर्ज तेवढा पोचायचा त्याच्यापर्यंत; यातलं काहीच त्याला ऐकू येत नव्हतं.